जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणताना: आधी कागद, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

आमच्या कोल्हापूर भागात आजही एखाद्या गोठ्याच्या आडोशाला, कडब्याच्या गंजीला टेकून उभी असलेली जुनी जीप दिसते. टायर बसलेले, सीटवर कोंबड्या, बॉनेटवर वाळत घातलेल्या मिरच्या. एकेकाळी तिनं उसाच्या बियाण्यापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं वाहिलेलं असतं. मागच्या सीटा काढल्या की पिकअप, लावल्या की वडाप, म्हणजे भाड्यानं माणसं नेणारी गाडी. मग एका पावसाळ्यात काहीतरी किरकोळ बिघडलं, ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून राहिलं, आणि वीस वर्षं गेली.

अशी जीप घरात आहे किंवा घ्यायची मनात आहे, पण हात कुठून घालायचा ते कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय. मी पेशानं मिस्त्री नाही. नोकरी सांभाळून, रविवार खर्ची घालून दोन जीपा उभ्या केल्या. पहिलीला मी आधी रंग दिला. हिरवागार, आरशासारखा. दोन महिन्यांनी पुढच्या पाट्याच्या, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, हँगरजवळ चासीला तडा सापडला. वेल्डिंगची आच लागली आणि माझ्या डोळ्यांदेखत तो रंग पापडासारखा फुगून उठला. शेजारी उभे असलेले आमचे मिस्त्री एवढंच म्हणाले, “दादा, गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग दिसली पाहिजे.” दुसरी जीप मी त्याच क्रमानं केली, आणि पुढच्या पायऱ्याही त्याच क्रमानं आहेत.

तुमच्या हाती नेमकी कोणती जीप आहे?

महिंद्रानं अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या परवान्यावर मुंबईत जीप जोडायला घेतली ती स्वातंत्र्याच्या सुमाराला. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते ती सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ साली आली आणि १९६८ पर्यंत बनली. आपल्याकडे महिंद्रानं ती पुढंही बनवली. ओळखायची खूण म्हणजे उंच बॉनेट. युद्धकाळातल्या विलीजचं बॉनेट बसकं होतं. ३बीमध्ये ‘हरिकेन’ हे नवं, उंच इंजिन बसवायचं म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंच. याच घराण्यातल्या लांब जीपा ९१ इंची असतात. माल वाहायचा, पिकअपसारखी वापरायची, तर लांब जीप बरी. निव्वळ हौस असेल तर आखूड.

बॉनेट उघडून इंजिन पाहा. मूळ पेट्रोल इंजिन २१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं. पण आपल्याकडच्या बऱ्याच जीपांमध्ये कधीतरी डिझेल इंजिन टाकलेलं सापडतं, कारण वडाप पेट्रोलवर परवडत नव्हतं. डिझेल इंजिन टाकलं म्हणजे जीप बाद झाली असं मुळीच नाही. फक्त ते कागदावर चढलं आहे का, हा प्रश्न मोठा आहे.

पहिली पायरी: कागद

जीप पाहायला जाताना खिशात टॉर्च, पांढरा कागद आणि पेन्सिल न्या. चासी नंबर वायर ब्रशनं साफ करून त्यावर कागद धरा आणि पेन्सिल घासा. उठलेला ठसा आरसी बुकातल्या नंबराशी एकेक आकडा करून ताडून पाहा. इंजिन नंबरही तसाच. इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर तो बदल आरटीओत नोंदवलेला आहे का ते विचारा. नसेल तर सौदा थांबवा. गाडी कितीही मनात भरली असली तरी थांबवा. पत्रा नवा मिळतो, इंजिन मिळतं, हरवलेले कागद मात्र फार थोड्यांना परत मिळतात.

१९८९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला ‘एम’नं सुरू होणारी जुनी अक्षरं असतात, एमएच-०९ सारखा जिल्ह्याचा आकडा नसतो. तो जुना नंबर जपण्यासारखा आहे.

गावाकडच्या जीपची नेहमीची अडचण वेगळीच. गाडी अजून आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर गाडी करून घ्यावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१ आहे. त्यानंतर नेहमीच्या विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० भरून ती तुमच्या नावावर येते. दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. जुन्या कर्जाचा बोजा चढलेला असेल तर तो आधी उतरवून घ्या. विकणारा म्हणेल, ‘तुम्ही गाडी न्या, सह्या नंतर करू.’ सह्या आधी घ्या. भाऊबंदकीत एकाची सही अडली की जीप तुमच्या दारात येऊनही तुमची होत नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. जोडीला हरित कर आणि नवी सुरक्षित नंबरप्लेट. दुसरी वाट म्हणजे व्हिंटेज नोंदणी. २०२१ साली केंद्रानं नियम आणले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची, मोठे फेरफार न केलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरं असलेल्या वेगळ्या नंबरावर नोंदता येते. पहिल्यांदा २०,००० रुपये आणि दहा वर्षांची मुदत, पुढं ५,००० रुपयांत पाच वर्षं. ऐकायला छान वाटतं, पण अट वाचा. अशी गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. शिवाय ही सोय खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला ती लागू नाही. ज्याला दर रविवारी जीप चालवायची आहे त्यानं नेहमीचीच नोंदणी जिवंत ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: खाली झोपून पाहा

सौदा करण्याआधी जमिनीवर पोतं अंथरा आणि गाडीखाली जा. वरचा पत्रा कुजला असेल तर घाबरू नका. चासी मात्र बारकाईनं पाहा. छोट्या हातोडीनं ठोकत जा. धड लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजक्याचा बद्द. पुढच्या पाट्यांचे हँगर, पुढच्या आडव्या पट्टीचे सांधे आणि स्टिअरिंगचा बेल क्रँक (स्टिअरिंगची ओढ चाकांकडे वळवणारा तुकडा) बसतो ती जागा, इथं तडे जातात. तिथं आधीच कुणी जाड पट्ट्या ठिगळासारख्या वेल्ड केल्या असतील, तर चासी सरळ आहे का हे मोजून पाहा: सुतळी घेऊन पुढच्या डाव्या कोपऱ्यातून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, मग उलट. दोन्ही कर्ण जुळले पाहिजेत. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर अनुभवी माणसाला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॉडीच्या तळाला टोपीच्या आकाराच्या पन्हाळी असतात. त्यांत पाणी आणि माती साठते आणि पत्रा आतून संपतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं तर तळ बदलायचा आहे असं धरूनच किंमत बोला.

हत्यारं, आणि सुताचा हिशोब

या जीपचे नटबोल्ट इंची मापाचे आहेत. आजकालचे मिलिमीटरचे पाने त्यांवर जवळपास बसतात, आणि हे ‘जवळपास’ फार घातक आहे. नटाचे कोपरे गोल होतात, मग छन्नी लावावी लागते. जुने मिस्त्री सुतात बोलतात ते इथं उपयोगी पडतं: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती बोल्ट म्हणजे ३/८ इंच, चार सुती म्हणजे अर्धा इंच. इंची रिंग पान्यांचा आणि गोटी पान्यांचा एक चांगला सेट घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी सकाळी लवकर गेलात तर जुने, वजनदार इंची पाने अजून मिळतात. याशिवाय फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), ग्रीस गन, टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) आणि चार भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. विटांच्या थप्पीवर तर नाहीच. वीट सांगून फुटत नाही.

सगळी जीप एकदम खोलू नका. हा मोह प्रत्येकाला होतो, आणि अर्ध्या जीपा तिथंच पोत्यांत जाऊन भंगारात निघतात. एका वेळी एकच अवयव घ्या. खोलण्याआधी फोटो काढा, एक लांबून आणि एक जवळून. निघालेले नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर रंगाच्या पेनानं नाव: ‘पुढचा डावा ब्रेक’. सहा महिन्यांनी तुमची आठवण तुम्हाला दगा देईल, डबा देणार नाही.

चाक काढताना एक ध्यानात ठेवा. जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात. नेहमीच्या दिशेनं जोर लावत राहिलात तर नट सुटण्याऐवजी आणखी आवळतो आणि शेवटी स्टड तुटतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि जोर लावण्याआधी आटे कुठं वळतात ते डोळ्यांनी पाहा.

तिसरी पायरी: ब्रेक

इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक. हे उलटं वाटतं, कारण सगळ्यांना आधी आवाज ऐकायचा असतो. पण इंजिन सुरू झालं की तुम्ही गाडी दहा फूट तरी पुढं घेणारच, आणि दहा फुटांवर भिंत असते.

३बीचे ब्रेक चारही चाकांना ९ इंची ड्रमचे. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्याखाली बसतो. सर्किट एकच. म्हणजे चारपैकी एका चाकाची नळी फुटली तरी पायात काहीच उरत नाही. म्हणून इथं काटकसर नको.

ड्रम काढल्यावर आतली काळी धूळ तोंडानं फुंकू नका, कॉम्प्रेसरनंही उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. पाणी मारून, ओल्या फडक्यानं पुसून, फडकं पिशवीत बांधून टाका.

मी पहिल्यांदा व्हील सिलिंडर उघडला तेव्हा आत काकवीसारखा काळा चिकट थर होता आणि त्याखाली सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडलेले. बोटाचं नख फिरवलं की अडकत होतं. नख अडकलं म्हणजे तो सिलिंडर गेला, हे साधं परिमाण. नुसती रबरं बदलून तो दोन महिने चालतो, मग गळतो. चारही व्हील सिलिंडर आणि मास्टर नवे घ्या. पुढचे आणि मागचे व्हील सिलिंडर वेगवेगळ्या बोअरचे, म्हणजे आतल्या व्यासाचे, असतात, पुढचे मोठे. दुकानदारानं चारही सारखे दिले तर परत करा. लोखंडी नळ्या नव्या टाका. स्वस्तातली तांब्याची नळी वाकवायला सोपी पडते, पण धक्क्यांनी कडक होऊन चिरते. रबरी होजही बदला. जुना होज आतून सुजतो आणि ब्रेक सोडला तरी चाक धरून ठेवतो.

ब्रेकच्या तेलातली हवा काढायची ती मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या जीपमध्ये मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल सोडायचं, आवळल्यावरच पेडल सोडायचं. घरातल्या कुणालाही हे काम येतं. माझ्या मुलीनं पेडल सांभाळलं आणि त्या दिवसापासून जीप तिची झाली.

हँडब्रेक चाकांना नसून मागच्या प्रोपेलर शाफ्टवरच्या ड्रमला असतो. तो उभी गाडी धरण्यासाठीच. चालत्या गाडीत ओढलात तर सगळा झटका शाफ्ट आणि गिअरला बसतो.

चौथी पायरी: इंजिन

हरिकेन इंजिनाची रचना वेगळी आहे. पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात), धूर सोडणारे खाली ब्लॉकच्या डाव्या कुशीत. म्हणून व्हॉल्व्हचं काम दोन ठिकाणी करावं लागतं, आणि खालच्यांकडे बरेच जण डोळेझाक करतात.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग हँडल घाला. या जीपला पुढून हँडल मारायची सोय आहे, आणि ती फार मोलाची आहे, कारण इंजिन काय म्हणतंय ते तुमच्या मनगटाला कळतं. हळू फिरवा. एखाद्या जागी कडक लागलं तर जोर करू नका, उलट फिरवा, पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. प्लग लावल्यावर पुढं कधी हँडल मारून सुरू करायची वेळ आली तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा गुंडाळू नका. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. इंजिननं उलटा फटका दिला तर अशी पकड सुटून जाते. गुंडाळलेला अंगठा मोडतो. गावाकडं ड्रायव्हर लोकांचे वाकडे अंगठे मी लहानपणी पाहिलेत.

इंजिन मोकळं फिरायला लागलं की जुनं तेल काढा, चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून तळाचा गाळ साफ करा, मगच नवं तेल भरा. गाळ ठेवून नवं तेल भरलं तर ते गाळ सोडवतं आणि पंपाच्या जाळीत नेऊन बसवतं.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. चारही एकमेकांच्या दहा पौंडांच्या आत असतील तर इंजिन उघडायची घाई नको. एखादा फार खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्हचा गॅप थंड इंजिनवर: वरच्यांचा १८ थाऊ, खालच्यांचा १६ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. खालच्यांपर्यंत हात नीट पोचत नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आडवा येतो, गुडघे दुखतात. तरीही करा. गॅप नसलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. फायरिंगचा क्रम १-३-४-२. प्लगचा गॅप ३० थाऊ. पॉइंटचा गॅप डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) कोणता बसवलाय त्यावर आहे. मूळ ऑटोलाइटला २० थाऊ.

हेड उतरवायची वेळ आली तर एक बोल्ट लपलेला असतो. सगळे बोल्ट काढले तरी हेड हलत नाही, मग लोक खाचेत टॉमी (लोखंडी पहार) घालून उचकटतात आणि हेड चिरतात. तो बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, हवेच्या वाटेच्या आत आहे. कार्बोरेटर काढा, टॉर्च मारा, दिसेल. पुन्हा बसवताना तो विसरला तर आणखी वाईट. हेड बोल्ट ६० ते ७० फूट-पौंडांवर, मधून कडेला जात, तीन टप्प्यांत आवळा.

बोअर, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट ही कामं घरी होत नाहीत. आमच्याकडे शिवाजी उद्यमनगरात अजून अशी माणसं आहेत जी मायक्रोमीटर लावायच्या आधीच बोटानं सांगतात की सिलिंडर किती खाल्लाय. तुमच्या गावात असा लेथवाला शोधा, आणि त्याला घाई करू नका. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरला देऊ नका; बोअर पिस्टनला मापून करायचा असतो.

पेट्रोल, पाणी, वायर

टाकी सीटखाली आहे. गळकी टाकी म्हणजे तुम्ही पेट्रोलवर बसलेले. ती काढून, आत मूठभर खडी आणि साबणाचं पाणी घालून हलवून धुवा. टाकीला वेल्डिंग घरी कधीही नाही. रिकाम्या टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेचाच स्फोट होतो.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी आणि पेट्रोल पंपाचा पडदा ते सुजवून मऊ करतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि नवा पडदा बसवा. जीप महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मग बंद करा.

रेडिएटर गाळानं भरलेला असणारच. तो उघडून नळ्या साफ करणारे कारागीर अजून आहेत, त्यांच्याकडे द्या.

वायरिंग जुनं, कापडी वेष्टणाचं असेल तर सगळं नवं करा. जोड देत बसू नका. बॅटरी ६ व्होल्टची आहे की १२ ची, आणि तिचं कोणतं टोक चासीला (अर्थिंगला) जोडलंय, हे आधी पाहा. फ्यूज बॉक्स आणि बॅटरी तोडायचा स्विच मूळ जीपमध्ये नसला तरी बसवा. यात मूळपणा गेला असं मला वाटत नाही.

गिअर आणि पुढचं अ‍ॅक्सल

गिअर बॉक्स तीन गिअरचा, त्याला चिकटून ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी. दोघांच्या मधल्या झिजलेल्या सीलमधून तेल एकातून दुसऱ्यात जातं: गिअर बॉक्स कोरडा पडतो आणि ट्रान्सफर केस तुडुंब भरते. म्हणून एकाच प्लगला बोट लावून ‘तेल आहे’ म्हणू नका, दोन्ही पाहा.

पुढच्या चाकांमागे लोखंडी गोळे दिसतात, त्यांच्यावर फेल्टचे सील असतात. तिथून तेल गळून ब्रेकवर येतं. सील बदलताना किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंगंही तपासा. ती सैल पडली की पन्नासच्या वेगाला, एखाद्या खड्ड्यानंतर, पुढची चाकं अशी थरथरतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. अनेक जण त्यावर स्टिअरिंगचा डँपर लावतात. तो दुखणं झाकतो. आधी किंगपिन, टायरॉडची टोकं, बेल क्रँक आणि पाट्यांचे शॅकल (पाटा चासीला टांगणाऱ्या कड्या) पाहा. शॅकलला ग्रीसची निपलं आहेत. वर्षानुवर्षं ग्रीस न गेल्यानं ती जाम होतात. दर महिन्याला सगळ्या निपलांवरून ग्रीस गन फिरवणं हे या जीपचं खरं औषधपाणी.

आता पत्रा आणि रंग

इथवर आलात, जीप चालते आणि थांबते, तर आता मनासारखं सजवा. कुजका पत्रा कापून नवा जोडायचा. त्यावर पुट्टी चोपडून सपाट करायचं नाही. पुट्टीखाली गंज चालूच राहतो आणि दोन पावसाळ्यांत फुगा येतो. डेंटरला सांगा, पुट्टी नखाएवढ्या जाडीपलीकडे नको. तयार बॉडी बाजारात मिळते, पण जुन्या पत्र्याची वळणं तिला क्वचितच येतात. तळ आणि कडा बदलून मूळ बॉडी वाचत असेल तर वाचवा, असं मी म्हणेन. खर्च जवळपास तितकाच येतो.

पत्रा पूर्ण खरवडल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारा. कोकणात किंवा पावसाळ्यात तर तासाभरात; उघड्या पत्र्याला हवेतला दमटपणाच गंज चढवतो. बुडाला डांबरी थर द्यायचा तो स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावरच. गंजावर दिलात तर पाणी आत कोंडतं. काही जण बुडाला जळकं ऑइल मारतात. ते माउंटिंगची रबरं खातं आणि ठिबकून रस्ता घाण करतं, मारू नका.

रंग कोणता, हे तुमचं. लष्करी हिरवा सगळ्यांना आवडतो, पण जीप लष्करात नव्हती तर तिला लष्कराची चिन्हं लावू नका. खरवडताना दाराच्या कडेला, डॅशच्या मागं, मूळ रंगाचा एखादा पट्टा सापडतो. आमच्या दुसऱ्या जीपच्या सीटखाली फिकट निळा निघाला. ज्यांची होती त्या आजींना दाखवला तेव्हा त्या पत्र्यावर हात ठेवून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जीपला तोच रंग दिला.

चालवणं

पहिले ५०० किलोमीटर गावाच्या आसपास. इंजिन नवं केलं असेल तर एकाच वेगावर सतत चालवू नका, चढउतार ठेवा. ५०० नंतर तेल बदला, हेडचे बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. चाकांचे नट तर पहिल्या ५० किलोमीटरलाच.

पहिला गिअर सिंक्रोमेशचा नाही, म्हणजे चालत्या गाडीत तो आपोआप जुळून बसत नाही. गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाका, किंवा डबल क्लच (मध्ये न्यूट्रलला थांबून दोनदा क्लच दाबणं) शिका. अ‍ॅक्सलचं प्रमाण ५.३८ ला १ आहे, म्हणजे मूळच्या ६.००-१६ टायरवर ६० च्या वेगाला इंजिन साधारण २४०० फेऱ्या घेतं आणि ८० ला तीन हजारांच्या वर. ही जीप ५०-६० ची आहे. हायवेची डावी लेन धरा, किंवा हायवेच सोडून जुन्या रस्त्यानं जा. गगनबावड्याकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये तुमचं उघडं स्टिअरिंग, याला ६० भरपूर झालं.

चारही चाकांची ताकद डांबरावर लावू नका. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल नाही, म्हणजे दोघांना कमीजास्त वेगानं फिरू देणारी सोय नाही, त्यामुळं वळणावर सगळा ताण शाफ्टवर येतो आणि लिव्हर अडकतो. चिखलात, वाळूत, ओल्या चढावर ती वापरायची. पठारांवर, कास किंवा मसाईसारख्या ठिकाणी, वाट सोडून चाक घालू नका; कातळावरच्या त्या मातीच्या थरात फुलांचं बी असतं.

काच पुढं बॉनेटवर पाडून चालवणं हे या जीपचं मोठं सुख. चष्मा घाला, संध्याकाळी किडे डोळ्यांत जातात. आणि सीटबेल्ट बसवून घ्या. आखूड, उंच गाडी आहे, वेगात झटकन वळवली तर कलंडते. लहान मुलांना मागच्या आडव्या बाकांवर बसवून घाटात नेऊ नका.

पहिली घाटाची फेरी पहाटे करा, रहदारी नसताना. चढावर पाण्याचा काटा पाहत राहा. माथ्यावर पोचलात की बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबा, चाकांच्या ड्रमला उलट्या हातानं लांबूनच ऊब तपासा. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक घासतोय. आणि उतरताना, चढताना जो गिअर लागला होता, तोच टाकून उतरा.